फोटो आपला, पण कायदा कुठवर सोबत येतो?

कोकणातल्या आपल्या बहुतेक घरांचा निम्मा संसार आता मोबाईलवर चालतो. एक भाऊ मुंबईत, दुसरा आखातात, अम्मी-अब्बा आचऱ्यात. निकाहचे, ईदचे फोटो फॅमिली ग्रुपवर आले नाहीत तर दूरच्यांना खुशी कळणार कशी? त्यात वाईट काही नाही. पण ग्रुपवर गेलेला फोटो पुढे कुठे जातो, आणि त्याचा गैरवापर झाला तर आपल्या हातात काय उरतं, हे माहीत असायला हवं.

1 जानेवारी 2022 आठवून बघा. मायक्रोसॉफ्टच्या मालकीच्या 'गिटहब'वर 'बुल्ली बाई' नावाचं ॲप आलं. शंभरहून अधिक मुस्लिम महिलांचे फोटो समाजमाध्यमांवरून उचलून तिथे 'लिलावा'ला लावले होते. विक्री कसलीच नव्हती, हेतू फक्त बेइज्जतीचा. त्यात पत्रकार होत्या, सामाजिक कार्यकर्त्या होत्या, म्हणजे उघडपणे बोलणाऱ्या बायका. त्याआधी जुलै 2021 मध्ये 'सुल्ली डील्स' नावाने हेच घडलं होतं. दिल्लीत गुन्हा नोंदला गेला, पण सहा महिने कोणालाही अटक नाही. 'बुल्ली बाई'च्या वेळी मात्र मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने काही दिवसांतच बंगळुरू आणि उत्तराखंडातून आरोपी पकडले. दिल्ली पोलिसांनी आसामातून एकाला पकडलं, आणि मग जुन्या प्रकरणातही इंदूरहून अटक झाली. 'बुल्ली बाई'चे आरोपी विशीच्या आसपासचे, बहुतेक शिकणारे. 'इंटरनेटवर कोण सापडणार?' असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. शोधायचं ठरवलं तर माणूस सापडतो.

आता कायदा. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल एकमताने दिला. त्यानंतर 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. कंपनीने माहिती नीट सांभाळली नाही तर 250 कोटी रुपयांपर्यंत दंड, आणि 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती, अशा त्यातल्या तरतुदी चांगल्या आहेत. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला 18 महिन्यांची मुदत ठेवली आहे.

याच कायद्यात दोन मोठ्या फटी आहेत. आपण स्वतःहून सर्वांसाठी खुली केलेली माहिती या कायद्याच्या बाहेर आहे. एखाद्याने निव्वळ घरगुती कारणासाठी वापरलेली माहितीही बाहेर. म्हणजे पब्लिक प्रोफाइलवरचा फोटो आणि चाचांनी भोळेपणाने फॉरवर्ड केलेला फोटो, या दोन्ही ठिकाणी हा कायदा कामाला येत नाही. तिथे आयटी कायदा आणि भारतीय न्याय संहिता यांचाच आधार घ्यावा लागतो.

कंपन्यांपुढेही पेच आहे. व्हॉट्सॲपवरचा संदेश वाटेत कुलूपबंद असतो, कंपनीलाही वाचता येत नाही. पण पोहोचल्यावर समोरच्याने स्क्रीनशॉट काढला की ते कुलूप संपलं. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाडा येथे, मुलं पळवणारे समजून, पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारलं. त्यामागे व्हॉट्सॲपवरच्या अफवा होत्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात फॉरवर्डवर पाचची मर्यादा जाहीर केली. 2021 च्या नियमांत सरकारने पहिला संदेश कोणाचा, हे शोधून देण्याची अट घातली. त्याने सगळ्यांचंच कुलूप तुटेल, असं म्हणत व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. आम्हाला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं. अफवेचा बळी गरीबच ठरतो, आणि सरसकट पाळत ठेवली गेली तर तिचा त्रासही आधी दुबळ्यालाच होतो.

आचऱ्याच्या गावपळणीत सगळा गाव घरं सोडून वेशीबाहेर राहुट्यांत राहतो. अलीकडे तिथेही कॅमेरे येतात आणि चुलीपाशी बसलेल्या बाईचा व्हिडिओ यूट्यूबवर जातो. तिला विचारायला कितीसा वेळ लागतो? कायदा पोहोचत नाही तिथे ही साधी विचारपूसच आपली राखण करते. कोणाचाही फोटो ही अमानत आहे.

शिक्षक म्हणून आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते ती घरातल्या पहिल्या प्रतिक्रियेची. काही झालं की आधी मुलीचा मोबाईल काढून घेतला जातो, कधी शाळाही सुटते. पुढच्या वेळी ती सांगतच नाही. ब्लॅकमेल करणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

म्हणून हे करा. आधी स्क्रीनशॉट, लिंक आणि तारीख जपून ठेवा. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. तिथे महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे, नाव न देताही तक्रार होते. पैशांची फसवणूक असेल तर लगेच 1930 वर फोन करा. मुलगी 18 वर्षांवरची असेल आणि खासगी फोटो पसरण्याची भीती असेल तर 'स्टॉप एनसीआयआय' ही मोफत सेवा आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही, त्याचा फक्त अंकी ठसा जातो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो अडवतात.

पालकसभेत आणि जमातीच्या बैठकीत यावर अर्धा तास तरी बोलू या, मुलग्यांना समोर बसवून. आणि मुलगी रडत सांगायला आली तर 'फोटो टाकलासच कशाला?' हे विचारू नका. 'कोणी उचलला?' हे आधी विचारा.