आयत्या आकड्यांचा भरवसा

बडोद्याजवळील बाजवा परिसरात गुजरात स्टेट फर्टिलायझर्सचा अवाढव्य कारखाना आहे. या कंपनीचा दहा रुपयांचा समभाग २०१२ साली विभागून दोन रुपयांचा झाला. जुन्या भागधारकाने आज असे भाग विकले, तर दलालाकडून विवरणपत्राच्या संगणकीय प्रणालीत आपोआप येणाऱ्या नोंदीत खरेदीची किंमत कित्येकदा शून्य असते, नाहीतर विभाजनापूर्वीची. एकीकडे मूळ भांडवलावरच कर, दुसरीकडे नोटिशीचे भय! ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेल्या भागांना कायद्याने त्या दिवसाच्या बाजारभावाचा दिलेला आधारही अशा नोंदीत हरवू शकतो. ही गत आपल्या किनाऱ्यावरील भागधारकांचीही होऊ शकते. आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणावर २०२१ पासून हरकत नोंदविता येते, हे स्तुत्यच. परंतु चूक नोंद पाठविणाऱ्याची आणि भुर्दंड करदात्याला, हा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचाच प्रकार होय. ठराविक मुदतीत दुरुस्ती करण्याचे बंधन दलालांवर असलेच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तोवर वाचकांनी जुनी सौदापत्रके जपावीत आणि आयता आकडा पडताळल्यावाचून विवरणपत्र दाखल करू नये.