"सॉरी सर" नंतर म्हणा, आधी प्रश्न विचारा



ग्राहकाची तक्रार आली की आपल्याकडे दोन प्रकार बघायला मिळतात. एक तर "सॉरी सर, पुढच्या वेळी काळजी घेतो" म्हणून विषय मिटवायचा. नाहीतर "आमच्या मालात असं होतच नाही, तुम्हीच काहीतरी केलं असणार" म्हणून ग्राहकालाच झापायचं. पहिला प्रकार गोड वाटतो, पण माझ्या मते नुकसान दोन्हीकडे सारखंच आहे. नेमकं काय बिघडलं होतं, हे दोन्हीकडे कुणी विचारलेलंच नसतं.

हे शिकायचं तर ओपन सोर्स सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे बघा. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो, कुणीही वापरावा, बदलावा. आपल्या जवळचं उदाहरण ईआरपीनेक्स्ट. ऋषभ मेहता यांनी २००८ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या कंपनीचं हे सॉफ्टवेअर. ती कंपनी आज फ्रॅपे नावाने ओळखली जाते. खरेदी, स्टॉक, बिलिंग, हिशोब सगळं त्यात होतं, आणि छोटे कारखानदारही ते वापरतात.

त्यात चूक सापडली, म्हणजे बग सापडला, की तो गिटहब या साइटवर सगळ्यांसमोर नोंदवायचा. पण "बिल निघत नाही, लवकर करा" एवढ्यावर भागत नाही. तिथला फॉर्म विचारतो: कोणतं व्हर्जन? काय काय केल्यावर असं झालं, पायरीपायरीने सांगा. काय दिसलं? काय दिसायला हवं होतं? एरर मेसेज पूर्ण टाका. मग त्या तक्रारीला नंबर मिळतो. या प्रश्नांमागचा हेतू साधा आहे: तुमच्याकडे झालेला बिघाड दुरुस्त करणाऱ्याला स्वतःच्या कॉम्प्युटरवर परत घडवता आला पाहिजे. परत घडवता आला नाही, तर तो दुरुस्त झाला की नाही हे तरी कसं कळणार?

आता हेच अक्कलकोट रोड एमआयडीसीत आणू. समजा, तुमचा टेरी टॉवेलचा धंदा आहे आणि हैदराबादच्या हॉटेलवाल्याचा मेसेज आला, "माल खराब आहे, रंग जातोय." इथे सॉरी म्हणून दहा टक्के सूट दिलीत, तर महिन्याभराने तोच मेसेज दुसऱ्याकडून येणार. त्याऐवजी विचारा: लॉट नंबर काय? कोणता शेड? पहिल्याच धुण्यात गेला की पाचव्या? पाणी गरम होतं का, पावडर कोणती, ब्लीच घातलं होतं का? मग त्याच लॉटचा शिल्लक टॉवेल घेऊन तसाच धुऊन बघा. रंग गेला, तर चूक तुमच्या डाइंगमध्ये आहे आणि त्या लॉटचा माल अजून कुठे गेलाय ते शोधायला लागा. नाही गेला, तर ब्लीचचं काय ते ग्राहकाला पुराव्यासकट सांगता येतं. भांडण होत नाही. (लॉटचा एकही नग मागे ठेवत नसाल तर आधी तेवढं सुरू करा.)

आता काही जण म्हणतील, एवढं विचारलं तर ग्राहक चिडेल. पोलिसासारखं विचारलंत तर चिडेलच. "पुढचा लॉट पाठवण्याआधी मला हे तपासायचंय" असं सांगून विचारा, तो फोटोसुद्धा पाठवेल.

ओपन सोर्सवाल्यांची एक सवय मात्र उचलू नका. बऱ्याच प्रकल्पांत काही काळ हालचाल नसलेली तक्रार आपोआप बंद करणारा बॉट बसवलेला असतो. त्यांच्याकडे माणसं थोडी, तक्रारी ढिगाने, त्यामुळे त्यांची अडचण समजते. पण आपले ग्राहक पन्नास-शंभर. तक्रार बंद करायची असेल तर कारण सांगून करा. "हे आम्ही बदलणार नाही, कारण भाव वाढेल" हेही चांगलं उत्तर आहे. नुसतं गप्प बसणं चांगलं नाही.

आणि फालतू वाटणारी तक्रार? २०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला जाणवलं की त्याच्या लिनक्स मशीनवर लॉगिनला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! त्याने खोदून बघितलं, तर एक्सझेड नावाच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा घुसवलेला निघाला. जगभरच्या सर्व्हरवर तो पोचायच्या आत पकडला गेला.

एक अपवाद आहे. सुरक्षेचा बग असेल तर ओपन सोर्समध्ये तो चारचौघांत न मांडता खासगीत कळवतात, आणि दुरुस्ती झाल्यावर जाहीर करतात. खाण्याच्या धंद्यात याच्याही पुढे जा. शेंगा चटणीला खवट वास येतोय असा फोन आला, तर प्रश्नांची यादी काढत बसू नका. आधी त्या बॅचची विक्री थांबवा, दुकानदारांना फोन करा, चौकशी त्यानंतर.

बाकी सगळ्यांना एक वही पुरते. तक्रारीचा नंबर, तारीख, लॉट, काय झालं, काय व्हायला हवं होतं, आपण काय केलं. तो नंबर ग्राहकालाही कळवा. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये क्विक रिप्लायची सोय आहे, तिथे तुमचे चार-पाच प्रश्न मराठी आणि हिंदीत सेव्ह करून ठेवा. पुढच्या व्हिडिओत टॉवेल आणि युनिफॉर्मवाल्यांसाठी हीच वही एक्सेलमध्ये बनवून दाखवतो.