स्किझोफ्रेनिया : गोळ्या सुरू आहेत, पण वजन कोणी केलं?

भास थांबले, पेशंट शांत झोपू लागला की घरच्यांना हायसं वाटतं. महिन्याच्या गोळ्या आणल्या की काम संपलं, असं आपण धरून चालतो. चूक इथेच होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात आणि त्यातले बरेच मृत्यू हृदयविकार, मधुमेह, जंतुसंसर्ग अशा टाळता येणाऱ्या आजारांनी होतात.

या आजारात अनेकांच्या शरीरात सौम्य दाह सतत धुमसत असतो. रक्तात सीआरपी वाढलेला दिसतो. त्याने स्नायू झिजतात, प्रतिकारशक्तीची घडी विस्कटते. त्यात बसून राहणं, विडी, खर्रा, शिवाय काही गोळ्यांनी वाढणारं वजन आणि साखर. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कमधील अभ्यासात स्किझोफ्रेनिया असलेल्यांना कोविडने मृत्यूचा धोका अडीच पटींहून जास्त आढळला. त्याहून मोठा घटक एकच होता, वय.

अशक्तपणा म्हणजे फक्त वाळणं नव्हे. पोट सुटलेलं असतं आणि मांड्यांत जोर नसतो. कालपर्यंत सोयाबीनचा कट्टा उचलणारा मुलगा खुर्चीतून हात टेकल्याशिवाय उठत नसेल, बस स्टँडपर्यंत चालताना दमत असेल, तर तो ‘आळशी’ झालेला नाही. तपासणी हवी.

आता वाशिमचं बघा. रिसोड, मानोऱ्याच्या माणसाला मोठं मनोरुग्णालय म्हणजे नागपूर. जिल्ह्यातच जे करता येईल ते तरी व्हावं. सरकारी कार्यक्रमात बीपी-शुगरची सरसकट तपासणी तिशीनंतर सुरू होते. स्किझोफ्रेनिया मात्र बहुधा विशीच्या आसपास गाठतो. म्हणजे ज्याला गरज आहे तोच वयाच्या अटीत अडकतो. गोळ्या देण्याच्या दिवशीच वजन, कंबर, बीपी, शुगर पाहावं. या रुग्णांना वयाची अट नको. मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकीच वागणूक द्या, असं २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही सांगतो.

क्लोझापिन घेणाऱ्यांच्या घरी एक गोष्ट पक्की ठाऊक असावी. या औषधाने क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक घटतात. ताप आला, घसा दुखला, तर ‘याचं नेहमीचंच’ म्हणू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा आणि रक्त तपासून घ्या.