चिमणीएवढा की चिमणीहून लहान?

‘तुला पक्ष्यांतलं कळतं ना? मग सांग, काल मी कुठला पक्षी पाहिला?’ सोमवारी मेलबॉक्स उघडायच्या आत हा प्रश्न हमखास येतो. वर्णनही ठरलेलं. छोटासा, हिरवट-ब्राऊन, जाम क्यूट. फोटो? ‘मोबाइल काढेपर्यंत उडाला यार!’

उडाला तर उडाला. डोक्यात बरंच काही शिल्लक असतं, फक्त ते नीट बाहेर काढावं लागतं. पहिला फंडा म्हणजे लगेच गूगल उघडायचं नाही. दहा झकास फोटो पाहिले, की त्यातल्या सगळ्यात देखण्या पक्ष्याचे रंग आपल्या पक्ष्याला चढतात आणि आपण छातीठोकपणे सांगतो, ‘हाच तो!’ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये लोकांना गाड्यांच्या अपघाताच्या फिल्म दाखवून वेग विचारला होता. प्रश्नातला ‘आदळल्या’सारखा शब्द जितका जोरकस, तितका लोकांनी सांगितलेला वेग जास्त. फिल्म त्याच, फक्त प्रश्नातला शब्द बदललेला.

त्यामुळे विचारणाऱ्यानंही जपून विचारायचं. मागे शेजारच्या क्यूबिकलमधली मैत्रीण अशीच आली. तिच्या सोसायटीत पार्किंगलगतच्या अंजिराच्या झाडात एक पक्षी सारखा आत-बाहेर करत होता. बुधवारी माळी येऊन ते झाड छाटणार होता, म्हणून तिला घाई.

‘केवढा होता?’ सेंटिमीटर कुणालाच आठवत नाहीत. सलीम अलींच्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’मधली (पहिली आवृत्ती १९४१) मोजपट्टी बेस्ट: चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा. त्यापेक्षा मोठा की लहान, एवढंच सांगायचं.

‘चिमणीहून लहान. नक्की.’

‘शेपटी?’

‘वर! सारखी वर. आणि एवढ्याशा जिवाचा आवाज केवढा गं, टुविट टुविट करून डोकं उठवलं.’

इथे माझे कान टवकारले, पण नाव सांगितलं नाही. चोच? सरळ, टोकदार. म्हणजे फुलांवर घिरट्या घालणारा शिंजीर बाद, त्याची बाकदार असते. थवा होता? नाही, फार तर दोघं. डोळ्यांभोवती पांढरं कडं असलेले चष्मेवाले बहुधा घोळक्यानं फिरतात, तेही बाद. उरला राखी वटवट्या. त्याचीही शेपटी उभी असते, पण पाठ राखाडी. हिची हिरवट पाठ पक्की होती.

रंग मी मुद्दाम शेवटी विचारते. उन्हात एक दिसतो, सावलीत भलताच. ‘डोकं तांबूस होतं का?’ असं विचारलं असतं, तर ती लगेच ‘हो हो’ म्हणाली असती. मी म्हटलं, ‘डोक्याचं काही आठवतंय?’ ती थांबली. ‘विटकरी होतं काहीतरी. की ऊन पडलं होतं? माहीत नाही.’ हे ‘माहीत नाही’ मला फार आवडतं. ज्याला सगळंच आठवतं, त्याच्या वर्णनावर माझा विश्वास कमी. (कॉर्नेलचं मर्लिन अ‍ॅपही असंच विचारतं: कुठे, कधी, केवढा, रंग कोणते, काय करत होता. फक्त त्याला चहा पाजावा लागत नाही.)

तेव्हा कुठे म्हटलं, ‘शिंपी असावा. घरी गेलीस की अंजिराची पानं खालून बघ, एकमेकांना शिवलेली दिसतायत का. लांबूनच. उघडून डोकावू नकोस.’

संध्याकाळी फोन आला. ‘अगं, टाके आहेत!’ आवाजात प्रमोशन मिळाल्याचा आनंद. शिंप्याची मादी पानांच्या कडांना चोचीनं भोकं पाडते आणि कापूस, कोळ्याचं जाळं, झाडाचे तंतू ओवते. गाठ मारत नाही. बाहेर आलेलं टोक पिंजून फुगतं आणि तिथेच अडकून बसतं. त्या शिवलेल्या द्रोणात मऊ गादी आणि अंडी.

सेक्रेटरीकाका आधी बधेनात. ‘पक्षी काय, रोजच येतात.’ मग तिनं हिशेब मांडला. अंडी उबायला साधारण बारा दिवस, पिल्लं उडायला आणखी दोनेक आठवडे. फक्त महिनाभर थांबा. काकांनी चष्मा सारखा करत खालून पान न्याहाळलं आणि माळ्याला बुधवारी मेंदीच्या कुंपणाकडे पाठवलं.