विश्लेषण : कर्करोग बरा झाला, पण हृदयाकडे कोण पाहणार?

शेवटची केमो झाली, डॉक्टरांनी पुढच्या तपासणीची तारीख दिली, घरी पेढे वाटले गेले आणि जाडजूड फाइल कपाटात गेली. पाच-सात वर्षांनी जिना चढताना धाप लागू लागते. गावातले डॉक्टर रक्तवाढीच्या गोळ्या देतात, घरचे ‘वय झाले’ म्हणतात. या धापेचा जुन्या उपचारांशी संबंध असू शकतो, हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. भारतात २०२२ मध्ये कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळल्याचा अंदाज आहे. त्यातून बरे होऊन दीर्घकाळ जगणारे वाढत आहेत. त्यांच्या हृदयाची जबाबदारी मात्र नेमकी कोणाची, हे ठरलेले नाही.

हृदयाला धोका कशामुळे?

स्तनाचा कर्करोग, लिम्फोमा, रक्ताचे काही कर्करोग यांत डॉक्सोरुबिसिन किंवा त्याच्या गटातील औषधे दिली जातात. लाल रंगाचे सलाइन म्हणून रुग्णांना ते आठवत असते. या औषधाने हृदयाच्या स्नायूपेशींना इजा होते आणि या पेशी पुन्हा फारशा तयार होत नाहीत. त्यामुळे आयुष्यभरात मिळालेली एकूण मात्रा मोजली जाते. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे ४०० मिलिग्रॅमपर्यंत गेलेल्यांपैकी सुमारे पाच टक्क्यांना, तर ५५० पर्यंत गेलेल्यांपैकी सुमारे २६ टक्क्यांना हृदयाच्या पंपाची ताकद घटण्याचा त्रास झाल्याचे एका जुन्या अभ्यासात दिसले होते. म्हणूनच आता मात्रेला मर्यादा घातली जाते.

स्तनाच्या एका प्रकारच्या कर्करोगात दिले जाणारे ट्रास्टुझुमॅबही हृदयाची ताकद कमी करू शकते. मात्र, औषध थांबवल्यावर ती बहुतेकदा पूर्ववत होते. रेडिएशनचा धोका वेगळा आहे. डाव्या स्तनावर किंवा छातीच्या मध्यभागी किरण दिल्यास हृदयाच्या रक्तवाहिन्या आणि झडपा यांवर परिणाम होऊ शकतो. २०१३ मधील एका युरोपीय अभ्यासानुसार, हृदयाला मिळालेल्या सरासरी किरणमात्रेतील प्रत्येक ‘ग्रे’मागे हृदयविकाराचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो आणि तो किमान २० वर्षे टिकतो.

मग हे उपचार टाळावेत का?

अजिबात नाही. याच उपचारांमुळे लाखो लोक आज जिवंत आहेत. हृदयाच्या भीतीने केमो अर्धवट सोडणे हा सर्वांत महागात पडणारा निर्णय ठरेल. शिवाय तंत्र सुधारले आहे. डाव्या बाजूच्या रेडिएशनवेळी रुग्णाला खोल श्वास रोखून धरायला सांगतात. त्यामुळे हृदय किरणांपासून थोडे लांब सरकते.

तपासणी कोणी, केव्हा करावी?

युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये यावर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यानुसार, जास्त धोका असलेल्यांनी लक्षणे नसली तरी उपचार संपल्यावर पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या वर्षी आणि पुढे दर पाच वर्षांनी इको करावा. लाल औषधाची मोठी मात्रा, छातीवर रेडिएशन, लहानपणी झालेला कर्करोग, आधीपासूनचा मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार यांमुळे धोका वाढतो. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि वजन यांची नोंद तर दरवर्षी सर्वांनीच ठेवावी. पंपाची ताकद घटल्याचे लवकर कळले, तर नेहमीच्या, सहज मिळणाऱ्या गोळ्यांनी ती सावरण्याची शक्यता अधिक असते. धाप, पायांवर सूज, आडवे झाल्यावर श्वास कोंडणे, छातीत धडधड ही लक्षणे अंगावर काढू नयेत. छातीत दुखत असेल तर थेट रुग्णालय गाठावे.

आराम की व्यायाम?

आपल्याकडे कर्करोगातून उठलेल्या माणसाला ‘तू बसून राहा’ म्हणणे म्हणजे माया. पण बसून राहिल्याने वजन व साखर वाढते आणि हृदय आणखी थकते. डॉक्टरांना विचारून आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालण्याचे लक्ष्य हळूहळू गाठावे. तंबाखू आणि मिश्री तर कायमची बंदच हवी.

काय बदलायला हवे?

नांदेड किंवा सिंधुदुर्गातला रुग्ण मुंबईत उपचार घेऊन परततो, तेव्हा त्याच्या गावच्या डॉक्टरांना काय दिले गेले याचा पत्ता नसतो. यावरचा उपाय फार खर्चीक नाही. उपचार संपताना प्रत्येक रुग्णाला मराठीत एक पानी नोंद मिळावी. औषधांची एकूण मात्रा, रेडिएशनची जागा व मात्रा, शेवटच्या इकोतील आकडा आणि पुढच्या इकोची तारीख एवढे त्यात पुरेसे आहे. सरकारने हे पान सक्तीचे करावे आणि जिल्हा रुग्णालयात हा इको मोफत व वेळेवर मिळेल याची हमी द्यावी. कर्करोगावर एवढा पैसा आणि जीव खर्ची घातल्यावर त्याच माणसाला टाळता येण्याजोग्या हृदयविकाराने गमावणे परवडणारे नाही.

तोवर कपाटातली फाइल बाहेर काढा. डिस्चार्ज कार्ड आणि केमोच्या कागदांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि पुढच्या वेळी कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात की पहिले वाक्य हेच सांगा : ‘माझी केमो झाली आहे.’