कर्बीची पानं कुणाची?

स्टॅन ली आपल्याकडेही पोराटोरांना ठाऊक आहे. मार्व्हलच्या सिनेमात क्षणभर डोकावून जाणारा, चष्म्यातला हसरा म्हातारा. जॅक कर्बी म्हटलं की मात्र समोरचा विचारतो, हा कोण? मी जन्मभर दिवाळी अंकांची चित्रं काढली, तेव्हा माझा कौल कुणाकडे ते उघडच आहे. ‘फँटॅस्टिक फोर’, हल्क, थॉर यांचा कर्बी निव्वळ चित्रकार नव्हता, लेखकही होता.

साठच्या दशकात मार्व्हल या कॉमिक्स-कंपनीत चित्रकाराच्या हाती लिहून तयार पटकथा सहसा येत नसे. लेखक-संपादक ली आणि कर्बी गोष्टीवर बोलत, कधी नुसतं फोनवर. मग कर्बी लाँग आयलंडवरच्या घराच्या तळघरात बसून वीसेक पानं पेन्सिलीने काढून टाकी. चौकटी किती, कोण कुठून येतो, कोण मार खातो, सगळं त्याचंच. शिवाय पानाच्या समासात तो लिहून ठेवी, इथे काय चाललंय आणि हा काय म्हणतोय. त्यावरून ली फुग्यांत संवाद भरी, आणि चुरचुरीत भरी, हेही मान्य. जुन्या ओरिजिनल पानांवर त्या नोंदी अजून दिसतात.

१९६६च्या एका अंकासाठी ग्रह गिळणाऱ्या गॅलक्टसची गोष्ट ठरली. पानं आली, तर त्यांत फळीवर उभा राहून अंतराळात सुसाट निघालेला एक चंदेरी माणूस! एवढ्या बड्या खलनायकाला दूत हवा, हे कर्बीने परस्पर ठरवलं होतं. सिल्व्हर सर्फरच्या जन्माची ही हकिगत खुद्द लीच सांगत असे.

मोबदला पानामागे. पात्र गाजलं तरी वाटा नाही, आणि पानं कंपनीच्या ताब्यात. (मीही एका संपादकाकडे ओरिजिनल मागितली होती. ‘मानधन पोचलं ना?’ असं उत्तर मिळालं.) ऐंशीच्या दशकात मार्व्हल पानं परत देऊ लागली, तेव्हा इतरांना सहीसाठी एक पानी कागद होता. कर्बीला चार पानी, हक्क सोडून देण्याच्या अटींचा, आणि बदल्यात अवघी ८८ पानं. कॅप्टन अमेरिकाकडून हिटलरला मुखपृष्ठावर ठोसा हाणवणारा आणि पुढे स्वतः फ्रान्सच्या आघाडीवर लढलेला हा गडी असल्या कागदावर सही करतोय होय! बोभाटा झाला, तेव्हा १९८७ मध्ये सुमारे दोन हजार पानं हाती आली. काढली होती त्याच्या कितीतरी पट.

१९९४ मध्ये तो गेला. पुढे वारसांनी पात्रांच्या हक्कांवर दावा सांगितला, मार्व्हल कोर्टात गेली आणि वारस २०११, २०१३ असे दोनदा हरले. काम कंपनीने नेमून दिलेलं, जोखीमही तिचीच, असा निकाल. कायद्याचं असेल तसं. पण तो फळीवरचा माणूस कुणी नेमून दिला होता? २०१४ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारात असताना तडजोड झाली, अटी गुलदस्त्यात राहिल्या. आता सिनेमाच्या नामावलीत लीच्या शेजारी कर्बीचं नाव झळकतं, पण तेवढ्याने माझं समाधान होत नाही. त्या ओरिजिनल पानांच्या हुबेहूब प्रतींची जाडजूड पुस्तकं तिकडे निघतात. पात्रं कुणाची यावर हुज्जत घालणाऱ्याने आधी त्यांतले समास वाचावेत आणि मग फुगे.