डिझेलच्या टेम्पोचे बदललेले गणित

मालवाहू टेम्पो घ्यायचा तर तो डिझेलचाच, हा समज महाराष्ट्रातील छोट्या वाहतूकदाराच्या मनात इतका खोल रुजला आहे की त्यामागचा हिशेब पुन्हा मांडून पाहण्याची गरज कोणालाच वाटत नाही. समज निराधार मुळीच नव्हता. २००५ साली ७०२ घनसेंटिमीटरचे, दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन घेऊन टाटांची ‘एस’ बाजारात उतरली. जेमतेम सोळा अश्वशक्तीची ही गाडी ‘छोटा हत्ती’ या लाडक्या नावाने गल्लीबोळांत हिंडू लागली आणि हातगाडी व मोठा ट्रक यांच्यामधली पोकळी तिने भरून काढली. तीन चाकी रिक्षा-टेम्पो चालविणारे हजारो लोक तिच्यामुळे चार चाकांचे मालक झाले. या मालकांच्या नफ्यामागे गाडीच्या काटकपणाइतकाच सरकारच्या डिझेल-धोरणाचाही हात होता, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात राहिली नाही.

जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. डिझेलचे मात्र झाले नाहीत. परिणामी मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपये १८ पैसे आणि डिझेल ४० रुपये ९१ पैसे अशी विलक्षण तफावत पडली. शेतकऱ्याच्या पंपाचे आणि मालमोटारीचे नाव पुढे करून दिलेल्या या सवलतीवर शहरांतील मोटारमालकांनीही यथेच्छ ताव मारला, हा भाग वेगळा. जानेवारी २०१३ पासून डिझेलचा दर थोडाथोडा चढू लागला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तोही मुक्त झाला. पुढे मे २०२० मध्ये केंद्राने पेट्रोलवर लिटरमागे दहा, तर डिझेलवर तेरा रुपये जादा कर बसविला. त्याच महिन्यात दिल्ली सरकारने डिझेलवरील मूल्यवर्धित कर ३० टक्क्यांवर नेला आणि जूनच्या अखेरीस राजधानीत डिझेल पेट्रोलहून काही पैशांनी महाग झाले. ती स्थिती फार दिवस टिकली नाही. पण स्वस्ताई हा डिझेलचा जन्मजात गुण नव्हे, एवढे तिने दाखवून दिले.

डिझेलचा खरा गुण निराळा आहे. एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के अधिक ऊर्जा असते, आणि हवा अधिक दाबून तिच्या उष्णतेनेच इंधन पेटविणारे इंजिन त्या ऊर्जेचा उपयोगही अधिक चांगला करते. कमी फेऱ्यांतच जोर लागत असल्याने भरलेली गाडी घाट चढताना त्याची दमछाक होत नाही. हा फायदा कोणत्याही अर्थसंकल्पाने हिरावून घेता येत नाही.

प्रश्न एवढाच की तो फायदा मिळविण्यासाठी मालकाने किती किंमत मोजावी. समजा, डिझेलचा टेम्पो लिटरला १८ आणि पेट्रोलचा १४ किलोमीटर जातो. २०१२ च्या दिल्लीतील दरांनी पेट्रोलचा दर किलोमीटरचा खर्च डिझेलच्या सव्वादोन पटींहून अधिक होता. २०२४ च्या उत्तरार्धात मुंबईत पेट्रोल १०३ आणि डिझेल ९० रुपयांच्या आसपास होते. त्या भावाने तो दीडपटीच्याही किंचित खाली येतो. म्हणजे डिझेलवर किलोमीटरमागे सुमारे २ रुपये ३६ पैसे वाचतात. आता डिझेलची गाडी एक लाखाने महाग, कर्जाचे व्याज ११ टक्के आणि देखभालीचा जादा खर्च वर्षाला पाच हजार धरू. नारायणगावहून भाजी घेऊन पुण्याच्या मार्केट यार्डात जाणाऱ्या माणसाची गाडी वर्षाला २४ हजार किलोमीटर सहज धावते. त्याचा जादा लाख अडीच वर्षांच्या आत व्याजासकट फिटतो. परंतु शहरातल्या शहरात सिलिंडर, पाण्याचे जार किंवा फर्निचर पोचविणाऱ्याची धाव दिवसाला २५ किलोमीटर, वर्षाला साडेसात हजार. त्याची इंधनातील बचत सतरा हजार सातशे. त्यातून देखभालीचे पाच आणि व्याजाचे अकरा हजार वजा जाता हाती सतराशे रुपये उरतात. या गतीने मुद्दल कधी फिटणार?

आणि विश्वासार्हतेचे काय? जुने डिझेल इंजिन अवजड, आवाजी, पण साधे. त्याला ठिणगीची व्यवस्था लागत नसे आणि रस्त्याकडेचा मिस्त्रीही पंप खोलून ते पुन्हा चालू करी. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले. इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्षात ५० भागांवरून १० भागांवर आले, हे सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने उत्तमच झाले. मात्र धुरातील काजळी अडविण्यासाठी डिझेल गाडीच्या धूरनळीत गाळणी बसली. गाळणीत साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी धूर बराच तापावा लागतो, आणि तो तापतो सलग, वेगात धावणाऱ्या गाडीचा. चौकाचौकांत थांबणाऱ्या, दहा मिनिटांत इंजिन बंद करणाऱ्या गाडीची गाळणी तुंबते, दिवा लागतो आणि गाडी संगणक असलेल्या कार्यशाळेत न्यावी लागते. गाडी दोन दिवस उभी राहिली तर दोन दिवसांचे भाडे बुडते; हप्ता थांबत नाही. ज्याची धाव कमी त्याची बचत कमी आणि नेमका त्यालाच बिघाड अधिक, असा हा दुहेरी फटका आहे.

कारखानदारांनी हे वेळीच ओळखले. मारुतीने २०१६ साली ‘सुपर कॅरी’ डिझेल इंजिनासह आणली होती; २०२० पासून ती पेट्रोल आणि सीएनजीवरच उरली. त्याच वर्षी ‘छोट्या हत्ती’लाही पेट्रोल इंजिन मिळाले. दीड टन माल वाहणाऱ्या पिकअपमध्ये मात्र डिझेलचे आसन अद्याप पक्के आहे, आणि ते रास्तच आहे. सीएनजीचा पर्यायही आहे. महाराष्ट्राने एप्रिल २०२२ पासून त्यावरील कर साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला. पण पंपावरच्या रांगेत गेलेल्या तासाची किंमत कोणी हिशेबात धरीत नाही आणि टाकीच्या वजनाने मालाची जागा खाल्ली जाते ती वेगळीच.

या सगळ्यात निर्णय घेणारा माणूस बहुधा एकाच गाडीचा मालक असतो; चालकही तोच. त्याच्या घरचा किराणा, मुलाची फी आणि बँकेचा हप्ता एकाच चावीवर चालतो. कर्ज देताना त्याच्याकडे जामीनदार, उत्पन्नाचा दाखला आणि घराच्या पावत्या मागितल्या जातात. गाडी दिवसाला किती किलोमीटर धावणार आणि कोणत्या रस्त्यावर, ही नोंद मात्र कोणी मागत नाही. वस्तुतः हप्ता वेळेवर येणार की थकणार, हे धनकोला त्या एका आकड्यावरून पुष्कळसे आधीच कळू शकते.